पोचपावती

आधी मेणात बसवलेली धमनी कापायची,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
कोमट पाण्यावर ती तरंगते, सुरकुत्या सोडते,
मग काच तिरकी धरून अलगद उचलायची.
एकतीस वर्षं हेच करतेय मी
दाउगवपिल्सच्या इस्पितळात, तळघरात,
जिथल्या खिडकीतून फक्त लोकांचे बूट दिसतात.

आजची काच सातशे बारा.
बाई. वय अठ्ठेचाळीस.
एवढंच खाली येतं,
नाव वरच राहतं, डॉक्टर काल्वान्सच्या कपाटात.

मग रसायनं, थेंब थेंब, घड्याळ लावून.
इस्ट्रोजेनचा निरोप घ्यायला जी पेशी तयार असते
तिच्या केंद्रकात तपकिरी ठिपका उमटतो,
राईच्या पावाच्या करपलेल्या कडेसारखा.
जी नसते, ती निळी.

निरोगी भिंतीत ठिपकेच ठिपके.
पुढे वळणावर, जिथे चरबी साचून
भिंत आत फुगत आली आहे,
तिथे चार.
मी दोनदा मोजले.

लासमा नवी आहे, विचारते,
हिच्या रक्तात हॉर्मोन संपलं होतं का?
नाही गं, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पाळी चालू होती हिची,
कागदावर लिहिलंय.
येत होतं, वेळच्या वेळी येत होतं.
घेणारं कुणी नव्हतं.

बोलून गेले आणि हातातली काच
हातातच राहिली.
हे वाक्य माझं नव्हे. आईचं.

वेनेरांदा, टपालवाली, रेझेक्नेच्या पलीकडच्या अकरा वाड्यांची.
सायकलला पुढे पेन्शनची पिशवी, मागे पत्रं.
आधी झेइलेंची दोन्ही पोरं आयर्लंडला गेली
अळंब्यांच्या शेडमध्ये,
मग त्यांच्या बायका, मग शाळेची बाई,
मग शाळाच.
संध्याकाळी आई उरलेली पत्रं टेबलावर लावायची
आणि वहीत प्रत्येकापुढे निळ्या पेन्सिलीची रेघ.
पत्र होतं, म्हणायची. घेणारं कुणी नव्हतं.

जबडा दुखतो म्हणाली त्या वर्षी,
चढावर सायकल हातात धरून चालायला लागली.
दवाखान्यात तिला झोपेची मुळी दिली, उकळून प्यायला.
पाळी जाईपर्यंत बाईच्या हृदयाला राखण असते,
तेव्हा सगळेच म्हणत. मीही शिकले होते तेच, परीक्षेत लिहिलं होतं.
राखणदार आत शिरतो कुठल्या दारातून
आणि ते दार आहे का जागेवर,
कुणी विचारलं नाही.
एकोणपन्नासाव्या वर्षी, ऑक्टोबरात,
सफरचंदं गोळा करताना.

नंतर गोळ्या आल्या, हॉर्मोनच्या, रंगीत पाकिटात.
बाहेरून भर घाला, धमन्या तरुण राहतील.
मोठमोठ्या चाचण्या झाल्या आणि काल्वान्सने एक दिवस
अहवाल टेबलावर टाकला, काही न बोलता.
मला आश्चर्य वाटलं नाही.
पत्रं वाढवली म्हणून गाव भरत नाही.

तोच सांगतो, जनुक तुटलेलं नसतं.
त्याच्यावर बारीक बारीक खुणा चिकटत जातात
आणि ते गप्प होतं.
म्हणजे घर पाडलेलं नाही,
खिडक्यांना फळ्या ठोकल्या आहेत.
फळ्या काढता येतील का?
उंदरांमध्ये थोड्या निघाल्या म्हणे. उंदरांमध्ये.

कानांमागून ऊब चढते, मानेवर घाम.
मी खिडकी उघडते, बूट जातात, येतात.
माझ्याकडे तर आता पत्रंही थांबली.
दारं किती शिल्लक आहेत, ते मला काचेखाली बघता येणार नाही,
कुणीतरी दुसरी बघेल.

आई बंद घरांचीही दारं वाजवायची.
फळ्या दिसत असताना, तीनदा.
मी हसायचे.
नियम आहे, म्हणायची, आणि तिसऱ्यांदा वाजवून
उगाच थोडी थांबायची.

काच पुन्हा सरकवते, वळणाच्या पार कडेला.
तिथे एक फिका आहे,
ठिपका, किंवा रंगाची नुसती कच.
लासमा पेन्सिल धरून विचारते, चार लिहू?
थांब जरा.